अर्ध्या दिवसाचं मानधन

नायरी तामिहाना, भाडेवाद न्यायाधिकरण, इन्व्हरकार्गिल.
नेमणूक पाच वर्षांची, फेरनेमणुकीची हमी नाही.
पत्र फ्रिजवर, माशाच्या चुंबकाखाली.

सुनावणीचे पैसे दिवसागणिक.
जेवणाआधी उरकलं तर अर्धा दिवस.
निकाल लिहायला लागलेली रात्र
कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आज एक म्हातारा गादीचा तुकडा घेऊन आला,
बुरशीने काळा. पुरावा म्हणून टेबलावर ठेवला.
मालक म्हणाला, हा खिडक्याच उघडत नाही.
म्हातारा म्हणाला, उघडतो की,
बंद होत नाहीत.
हसू नये असं कुठल्या कलमात नाही,
तरी नायरी हसली नाही.

आता रात्रीचे अकरा. दाराखालून दक्षिणवारा.
पायांवर कोट ओढून ती लिहिते:
कोरडं घर हा भाडेकरूचा हक्क आहे.

आणि थांबते.
तिच्याच छताला, दिव्याशेजारी, डाग वाढतोय.
घर भाड्याचं. तिनं मालकाला कळवलेलं नाही.
उद्या तो समोर उभा राहिला तर
हितसंबंध जाहीर करून उठावं लागेल,
आणि या टोकाला दुसरं कोणी बसत नाही.

वाक्य ती तसंच ठेवते.
बादली जरा डावीकडे सरकवते.