थांबनं मोजा

समीकरण एका ओळीचं आहे:
दोन देश, दोघांची वजनं,
मधलं अंतर छेदात.
मोठा मोठ्याला ओढतो, लांबचा लांबच राहतो.
काट्यावरचे तुळशीराम कोळंबे ऐकून म्हणाले,
"म्हंजे सोयरीक जुळवन्यासारखं."
मी ते समासात लिहून ठेवलं.

एप्रिल. सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये
तुरटीच्या हौदात फण्या चीक सोडतायत.
तेरा किलोचा खोका, वर परक्या लिपीतलं नाव,
आत तापीकाठचं पाणी, सालीत गुंडाळून.
मी खर्च मांडत बसते:
खोका, फोम, पिशवी, न्हावाशेवापर्यंतचं डिझेल,
कीड नसल्याचा दाखला, दाखल्यावरचा शिक्का,
शिक्क्यासाठीची जळगावची फेरी,
त्या फेरीत साहेब जेवायला गेलेले.
ह्या शेवटच्या चलाला नाव काय द्यावं,
गाजरे मॅडमना विचारलं.
"त्रुटीत जाऊ दे," त्या म्हणाल्या.
त्रुटी फार मोठी पिशवी आहे, सगळंच मावतं तिच्यात.

बऱ्हाणपूर इथून दुसऱ्या चहाच्या अंतरावर.
तीच काळी माती, तेच वाण, त्याच मामे-मावशा,
तरी सकाळी मोबाइलवर दोन भाव येतात
आणि बागवाले दोन्ही वाचून
एकाला शिव्या घालतात.
रस्त्यात एक पाटी आहे, पलीकडच्या राज्यात स्वागत करणारी.
पत्र्याची, बोटभर जाडीची.
माझ्या गणितात
ती शंभर कोस रुंद निघाली.

मुबारक तडवी, पालचा, कंटेनर चालवतो.
माझा नकाशा बघून हसला.
"अंतर काय मोजता, ताई? अंतराले तं टायर हायेत.
थांबनं मोजा."
आणि बोटांवर मोजून दाखवलं:
कसाऱ्याला एक रात्र, बंदराच्या फाटकाबाहेर दोन,
थंडीचं मशीन बंद पडू नये म्हणून जागा.
आत तेरा अंश, बाहेर बेचाळीस,
मधे एक पत्रा आणि तो.

मी तासांचा रकाना वाढवला.
अंतराचा गुणक लगेच निम्म्यावर आला,
इतके दिवस दुसऱ्याचं ओझं वाहत होता बिचारा.

मग शून्यं.
यादीतल्या कितीतरी बंदरांपुढे नुसती शून्यं,
आणि शून्याचा लॉग निघत नाही.
संगणक त्या ओळी गुपचूप गाळतो,
उरलेल्यांवर देखणी रेष बसवतो.

गाळलेल्यांतली एक ओळ मला ओळखीची निघाली.
त्या बंदरासाठी लीलाधर फिरक्यांनी
तीन वर्षांमागे खोके छापून घेतले होते.
सौदा ठरला, कागद झाले,
नावातल्या एका अक्षरावरून दाखला परत फिरला,
नवा येईतो माल पिवळा.
तो आठवडाभर गावातल्या शाळेत पोरांनी
एक्स्पोर्टची केळी खाल्ली.
आकडेवारीत: शून्य.
उरलेले खोके फिरक्यांच्या माळ्यावर आहेत.
एकात कांद्याचं बी, एकात नातीची लहानपणची स्वेटरं,
प्रत्येकावर त्या शहराचं नाव
जिथं सावद्याचं एक केळ उतरलं नाही.

रात्री मॅडमना फोन केला, शून्यं ठेवायचीत म्हणून.
"मग लॉग सोड. प्वासाँ लाव.
रेष बिघडेल हं."
बिघडली.
शिक्क्याचा भार वाढला, ताटकळण्याचा वाढला,
फिरक्यांचा माळा सामानासकट आत आला.
वीज दोनदा गेली, तिसऱ्यांदा उत्तर स्थिरावलं.
ते बरोबर आहे की नाही, माहीत नाही.
त्यात माणसं जास्त आहेत एवढं दिसतं.

पहाटे मुबारकचा फोन आला.
मागे इंजिनांची घरघर, कुणीतरी चहावाल्याला हाक मारतंय.
"आज तिसरी रात्र, ताई," तो म्हणाला.
"लिवा."