कौल

टॅब कन्नडमध्ये विचारतो, मी मराठीत,
भरमव्वा दोन्ही ऐकते
आणि हातानं उत्तर देते.
घरात माणसं किती?
पाच बोटं वर. मग एक खाली.
"थोरला मडगावात, हॉटेलात हाय. जत्रेला येतोय.
तो धरायचा काय?"
टॅब म्हणतो, एका चुलीवर जेवणारे.
"चूल हितं, पोट तिकडं.
लिही बाई तुझ्या मनानं."

मी गेस्ट टीचर. शाळेला सुट्टी लागली की पगाराला लागते,
म्हणून मे महिनाभर
घरामागं पंचवीस रुपयांनी गरिबी मोजते.
खानापूर स्टेशनापासून सहा किलोमीटर आत,
आज हे सतरावं घर,
बॅटरी एकोणीस टक्के.

पंखा आहे? आहे.
फिरतो का, हे विचारायचं नाही.
संडास आहे? आहे, दारावर योजनेचा नंबर रंगवलेला,
आत करडू बांधलेलं. ते ओरडतं,
मी 'होय' दाबते.

छप्पर?
गवत, पत्रा, कौल, स्लॅब.
गवताला कार्ड मिळतं.
कौलाला
बघू म्हणतात.

मी मान वर केली.
एक कौल दुसऱ्यात नीट बसलेलं नाही,
फटींतून उन्हाचे रुपये
जमिनीवर, तांदळाच्या डब्यावर, माझ्या पायावर.
प्रत्येकावर कारखान्याचा मोर, अर्धा पुसलेला.

"रिजेक माल ह्यो," भरमव्वा म्हणाली.
"कारखाना बंद झाला तवा मालक म्हणाला, पैसा न्हाई, कौलं न्या.
ह्यानं अकरा खेपा केल्या, डोसक्यावरनं.
एकवीस वर्षांचा पगार
बघ, वर हाय."

सातेरी कुंभार इतका वेळ भिंतीकडं तोंड करून होता.
तो वळला. "माती चांगली होती," म्हणाला.
"मलप्रभेकाठची. माती कधी वाकत न्हाई.
मॅनेजरनं लाकूड विकलं, भट्टी कच्ची ऱ्हायली.
हे लिही."

हे लिहायला शेऱ्याचा रकाना आहे.
चाळीस अक्षरं, फक्त कन्नड.
माझं कन्नड परीक्षेपुरतं.
कौलाला हंचु म्हणतात, एवढं येतं.
हंचु म्हणजे वाटून देणंसुद्धा,
हे मास्तरांनी शिकवलं होतं तेव्हा वर्ग हसला होता,
का, ते आता आठवत नाही.

तिसऱ्या गल्लीत मेंबरच्या मेव्हण्याचं घर.
वर स्लॅब, स्लॅबवर टाकी,
यादीत गवत.
मी ते भरमव्वाला सांगितलं नाही,
तिला माहीत होतं.
"गवत लिही," ती हळूच म्हणाली. "कोण बघतंय?"

"न्हाई."
सातेरी उठून उभा राहिला.
"गवत लिहिलीस तर
मी एकवीस वर्षं काय केलं?"
"कार्ड येईल."
"येऊ दे. कौलावर येऊ दे."
"कौल शिजवून घाल मग!"
करडू पुन्हा ओरडलं.
स्क्रीन अंधारली. मी बोट लावून जागी केली.

फोटो सक्तीचा, घरमालकासहित.
सातेरीनं खुंटीवरचा शर्ट घातला,
गळ्याचं बटणसुद्धा लावलं,
आणि फोटोत एक हात वर केला,
मी कापू नये म्हणून, छपराकडं.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर.
चढले. वरून सगळं गाव लाल दिसतं,
एकसारखं, भरल्या घराचं.
वरून बघणाऱ्यांना असंच दिसत असणार.
भरमव्वाचं घर मला लगेच सापडलंही नाही.

एक दांडी आली. गेली. आली.
गवत आणि कौल यांच्यामध्ये
माझ्या अंगठ्याएवढी जागा.
खाली अंगणात कुणीतरी लहानसं उभं होतं,
तोंड वर करून.
गावदेवीच्या गुरवाला विचारतात तसं
तळवा उलटा-सुलटा करून विचारत होतं,
लागला काय?