वाजवी माणूस

निफाडकर सर म्हणाले, हलगर्जीपणा ठरवताना
कायदा एका माणसाला समोर उभा करतो.
तो फार हुशार नाही, बावळटही नाही,
रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो,
गॅस बंद केला का ते एकदाच तपासतो.
नाव नाही, गाव नाही. वाजवी माणूस.
इंग्लंडातले न्यायाधीश म्हणायचे,
बसमध्ये बसलेला असतो तो, कुणीही एक.

मागच्या बाकावर माझी झोप उडाली.
पहाटे चार चाळीसला कात्रज डेपोत हजेरी,
दुपारी भरणा करताना सत्तावीस रुपये कमी, ते पर्समधून,
आणि आता पावणेसातला, खाकीवर घरची ओढणी घेऊन
मी ऐकतेय की कायद्याचा माणूस
माझ्या गाडीत बसतो.

एकोणीस वर्षं झाली. आधी तिकिटं फाडली, आता मशीनमधून काढते.
कुठल्या थांब्यावर चढतो हा?

दुसऱ्या दिवशी शोधत राहिले.
पद्मावतीला चढला तो, पासवरच्या फोटोत त्याला मिशाच नव्हत्या.
लक्ष्मीनारायणपाशी एक बाई, कडेवर तिचा मुलगा,
दोन वर्षांपासून चारच वर्षांचा.
स्वारगेटला दारात लोंबकळणारे सहा.
शनिपाराला पाचशेची नोट काढून दहाचं तिकीट मागणारे काका,
वर मलाच म्हणाले, सुट्टे ठेवायला नको का तुम्ही?
घोलप ड्रायव्हरने आरशातून विचारलं,
वकीलबाई, आज डबल बेल देताय की तारीख?

वर्गात आम्ही एकतीस. परीक्षेपर्यंत किती उरू, माहीत नाही.
एल्सी साळवे रात्रपाळीला जायच्या आधी येते,
हाताला स्पिरिटचा वास, वहीला पण.
इंग्रजी पुस्तकातली वाक्यं ती आम्हाला फोडून देते,
शेंगा फोडाव्यात तशी, टरफलं बाजूला.
गफार पटवेकर नाना पेठेत भंगार तोलतो.
अकरा महिन्यांचे सात करार केलेत त्याने एकाच खोलीचे.
मालमत्तेचा तास असला की तो पहिल्या बाकावर असतो.

आणि दुधाळ. भोसरीत लेथवर त्यांची दोन बोटं गेली,
मालकाने दवाखाना केला, वर दिवाळीला मिठाई.
भरपाईच्या कायद्यामागे एक तक्ता आहे,
त्यात माणूस सुटा सुटा लिहिलाय:
अंगठा इतका, डोळा इतका,
एका हाताची दोन बोटं, वीस टक्के.
दुधाळांनी ती ओळ वाचली
आणि उरलेला हात तिच्यावर ठेवला.
सर पान उलटायचे थांबले.
बराच वेळ बाहेरची रिक्षा सुरू होत नव्हती, तेवढं ऐकू येत होतं.

मी का आले, कुणी विचारलं नाही, तरी सांगते.
नऊ वर्षांपूर्वी माझी चौकशी झाली होती.
चार पानी जबाब, टाईप केलेला, खाली छापील ओळ:
'वाचून पाहिला, बरोबर आहे.'
साहेबांना जेवायला जायचं होतं.
मी सही केली.
दोन वेतनवाढी गेल्या, त्याचं एवढं नाही.
ती ओळ खोटी होती आणि खाली अक्षर माझं होतं.

परीक्षेत प्रश्न आला: वाजवी माणूस म्हणजे कोण, उदाहरणासह लिहा.
मी त्या चार वर्षांच्या मुलाच्या आईबद्दल लिहिलं,
आणि तिला अर्ध्या तिकिटाचं कधी न विचारणाऱ्या कंडक्टरबद्दल.
दोघींपैकी वाजवी कोण, ते ठरेना.
तेवढ्यात घंटा झाली.
दहापैकी चार. शेजारी लाल शाईत: 'निवाडा कुठला?'
मी आणि एल्सी जिन्यात बसून खूप हसलो.

आता भरण्याच्या खिडकीशी चलन येतं
तेव्हा मी ते हातात धरून वाचते.
तारीख, गाडी क्रमांक, फेऱ्या, रक्कम, खालची बारीक ओळ.
मागे रांग चुळबुळते. कॅशिअर म्हणतो,
बाई, रोजचंच आहे, काय वाचताय एवढं?

थांबा, म्हणते मी.
अजून पाठची बाजू राहिली आहे.