विषय क्रमांक चार

कन्नमवार नगर, बाग समितीची सभा.
वेळ साडेसातची. सुरू झाली आठ-दहाला,
कारण हॉलची किल्ली घाडीगावकरांच्या सुनेकडे
आणि सून क्लासला.
गणपूर्ती नव्हती. मग मिस्किटाबाई आल्या,
गुडघ्याला पट्टा, हातात केळ्याचे वेफर्स,
आणि झाली.

मी लिहिते. सतरा वर्षं मीच लिहिते,
अक्षर बरं म्हणून,
आणि दुसरं कोणी तयार नाही म्हणून.

विषय एक. मागचं इतिवृत्त कायम.

विषय दोन. कोजागिरी.
दूध चाळीस लिटर की पन्नास, यावर पाऊण तास.
तांडेल म्हणाले, गेल्या वर्षी उरलं होतं.
उरलं नव्हतं, नासलं होतं, असं मोमीनभाई.
दोन्ही लिहून घेतलं.
संगीत खुर्ची म्हाताऱ्यांची वेगळी,
पण खुर्च्या हातांच्या हव्यात,
पडलं कोणी, तर ते विषय तीनमध्ये जाईल.

विषय तीन. सी-सॉ.
मोमीनभाईंची नात इकरा, वय सहा, हनुवटीला चार टाके.
वॉर्ड ऑफिसला तीन पत्रं,
तिन्हींवर पोच मिळाल्याचा जांभळा शिक्का.
सी-सॉपर्यंत अजून काही पोचलेलं नाही.
तोवर लहानूने फळी सुंभाने बांधून टाकली
तर पोरं आता सुंभालाच लोंबकळतात.
इकराही.

विषय चार. मागचा कोपरा, पंपरूमपलीकडचा,
कांचनाखालचं बाकडं.
तिथला दिवा सारखा जातो.
अंधारात काय काय असतं
ते ज्याने त्याने आपापल्या वयाप्रमाणे सांगितलं:
साप, गर्दुल्ले, जोडपी.
वायंगणकरांची ऋत्विजा, समितीत सगळ्यांत लहान,
म्हणाली, लायब्ररीतून येताना मी तिथून पळत येते.
पळत, हा शब्द तिने दोनदा म्हटला.
मी एकदा लिहिला.

ठराव: मोठा फोकस, वर कॅमेरा.
सूचक तांडेल, अनुमोदक

तेवढ्यात दाराशी लहानू भोये.
जव्हारचा, अकरा वर्षं बागेचा चौकीदार,
सभेत बोलायचा अधिकार नाही म्हणून
चपला काढून उंबऱ्याबाहेरच.
म्हणाला, दिवा जात नाही, मीच बंद करतो.
साडेनवाला. अर्धा तास.
कोणीतरी येऊन बसतं तिथं.
घरात रडायला जागा नसंल.
मी असतो ना गेटावर. कान असतो माझा तिकडं.

कोण? तांडेलांनी विचारलं.
लहानू पंख्याकडे बघत राहिला.
एक खोली, एक मोरी, पाच माणसं:
हे गणित हॉलमधल्या कुणाला
समजावून सांगायला नको होतं.

माझं पेन अडलं. झटकलं. पुन्हा अडलं.
मिस्किटाबाईंनी वेफर्स माझ्यापुढे सरकवले,
माझ्याकडे न बघता.

मी पळत येते, ऋत्विजा पुन्हा म्हणाली, हळू.
आणि तिचंही खरं होतं.

ठराव मंजूर, एकमताने. माझ्याही मताने.
फोकस वाटेवर पडावा, बाकड्यावर नको,
ही दुरुस्ती कोणी सुचवली
ते लिहायचं राहिलं.
कॅमेरा निधीअभावी पुढे ढकलला.
चौकीदारास समज देण्यात आली,
म्हणजे चहा देण्यात आला.

मग घाडीगावकरांना आठवलं,
कोजागिरीला बाराच्या ठोक्याला
दहा मिनिटं सगळे दिवे घालवायचे,
दुधात चंद्र दिसायला हवा.
ते दरवर्षीचंच. त्याला ठराव लागत नाही.

आयत्या वेळचे विषय: दूध पन्नास लिटर.
सी-सॉचा सुंभ बदलणे.
अध्यक्षांचे आभार अध्यक्षांनीच मानले.

सभा संपली दहा वाजून पाच मिनिटांनी.
वही छातीशी धरून मागच्या वाटेने निघाले.
दिवा लागलेला होता.
बाकडं रिकामं होतं.
रिकामंच असणार ते आज,
सभा लांबली ना.