पंधरा चित्रांची चाचणी

वाल्पाराईसोचा दवाखाना, तिसरा मजला.
खिडकीखाली बंदर, आणि धुकं इतकं
की क्रेनच्या नुसत्या माना दिसतात.
(क्रेनला मान नसते, काताल्दो,
बाई म्हणाल्या असत्या. तू दिलीस ना?
मग आता ती दुखली तर तूच चोळ.)

बाई आहेत. समोरच, चाकाच्या खुर्चीत,
उजवा हात मांडीवर,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
एदुविहिस ओयार्सून. एकतीस वर्षं भाषा शिकवली
टेकडीवरच्या शाळेत, जिथं वारा आत शिरून
फळा आमच्याआधी वाचायचा.
मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी
आणि नामं गेली.
क्रियापदं लंगडत येतात. विशेषणं येतात.
नामं नाहीत.

माझं काम सोपं : पंधरा चित्रं दाखवायची.
बरोबर, चूक, निरुत्तर. तीन रकाने.

किल्ली.
बाई ओठ जुळवतात, सोडतात, पुन्हा जुळवतात.
"दाराची... जीभ."
चूक, मी लिहिते.

छत्री.
"वटवाघूळ." थांबतात. "पण मायाळू."
चूक.

कंगवा.
"दात आहेत. भूक नाही."
कारण आहे आणि कार्य नाही, त्याला काय म्हणतात,
हे मला याच बाईंनी दोनदा उभं करून विचारलं होतं.
विशेषोक्ती, मी मनात म्हणते.
चूक, मी लिहिते.

तेरा वर्षांची होते. चंद्रावर चार ओळी लिहून आणा.
मी लिहिलं, चांदीच्या ताटासारखा.
बाईंनी हिरव्या शाईनं विचारलं :
हे ताट तुमच्या घरी आहे?
नव्हतं. आमच्याकडे इनॅमलची होती, पांढरी,
काठाला टवका उडून आतलं काळं दिसणारी.
रात्री जेवताना मी ताट उचलून दिव्यासमोर धरलं.
आई म्हणाली, खा आधी.
दुसऱ्या दिवशी तेच लिहिलं, टवक्यासकट.
सातापैकी सहा. खाली शेरा :
एक गुण राखून ठेवलाय, आणखी बघशील म्हणून.

बाई सांगायच्या, उपमा म्हणजे दोन घरांमधली दोरी,
कपडे वाळत घाला, घरं आपापल्या जागी.
रूपक म्हणजे मधली भिंत पाडणं.
"सारखा" काढलास की छप्पर तुझ्या डोक्यावर,
तेव्हा पाडायच्या आधी
पलीकडे कोण झोपलंय ते बघ.

आता पलीकडे बाईच आहेत,
आणि भिंत त्यांनी पाडलेली नाही.

शिडी. "निजली असती... तर रूळ."
घड्याळ. बराच वेळ काही नाही. मग,
"माझं नाही."
हे कुठल्या रकान्यात घालायचं मला कळत नाही.
निरुत्तर, मी लिहिते, आणि लाजते.

पंधरापैकी शून्य. छापील तक्त्याप्रमाणे : गंभीर.

मग बाई डाव्या हातानं खिडकीकडे दाखवतात.
"पाणी," म्हणतात.
स्पष्ट. न अडखळता.
मी बाहेर बघते. समुद्र? की धुकं?
अंशावरून पूर्ण? गेलेल्या वर्षांसाठी एक शब्द?
मान तिरकी करून मी अर्थ लावत बसते,
तोवर बाई खुर्चीच्या दांड्यावर हात आपटतात :
"पाणी! तहान!"
खिडकीत ग्लास आहे. केव्हापासून तिथंच.

त्यांना साधं पाणी द्यायचं नाही, ठसका लागतो.
पावडर घालून घट्ट केलेलं, चमच्यानं.
बाई पहिला घोट तोंडात धरून ठेवतात.
उजव्या कोपऱ्यातून थोडं ओघळतं, मी पुसते.
खाली चढावर गॅसवाला
सिलिंडरवर लोखंड वाजवत चाललाय.

"हे पाणी नाही," बाई म्हणतात.
भुवया, दोन्ही, वर जातात, वर्गातल्यासारख्या.
"हे... पाण्याचं... सोंग."

मी पेन उचलते.
बाई वाट बघताहेत,
अलंकाराचं नाव मी सांगते का.