वाण

शितूत वहिनींनी काल रात्रीच मोजून ठेवल्या
एकेचाळीस चाळण्या, गुलाबी, प्लास्टिकच्या.
कठड्यावरून मला दिसल्या.
त्यांनाही मी दिसले,
मग दोघी थंडीबद्दल बोललो.

पहाटे साडेपाचला बूट हातात घेऊन जिना उतरते.
पावलं न वाजवायची सवय पाखरांनी लावली,
ती माणसांतही कामाला येते.

रामबाग झोपलेली. विमानतळाचे दिवे मागे पडतात,
हातोदच्या वाटेवर पाणी दिलेल्या गव्हाचा वास,
स्कूटरच्या मुठींवर बोटं, जशी दुसऱ्या कुणाची.
टपरीवाला अकरा वर्षं तेच विचारतो,
"अकेली हो, बाईजी?"
अकरा वर्षं मी सांगते,
"अदरक ज़रा ज़्यादा डालना."

पहिल्यांदा आले ती रडायला.
घरात जागाच नव्हती,
इतकी माणसं जमली होती समजूत घालायला.
चैत्र होता. यशवंतसागरच्या काठी बाभळीखाली बसले,
तर एक टिटवी अंगावर धावून आली,
तिची चार अंडी माझ्या चपलेपासून हातभर,
खड्यांत खडे होऊन पडलेली.
अशी ओरडली, अशी ओरडली,
की मीच तिची माफी मागत उठले.
रडणं राहिलं ते राहूनच गेलं.

भेरूलालच्या लसणाच्या बांधावरून तळं उघडतं.
धुकं अजून पाणी सोडत नाही.
शेकाट्या आपल्या लाल काड्या जपून टाकत चाललेला.
टिबुकली बुडी मारते
आणि मला वाटतं तिथे वर येत नाही,
कधीच आली नाही.
पलीकडच्या शेतात सारसांची जोडी.
भेरूलाल सांगतो, दर वर्षी सांगतो,
एक गेला की दुसरा दाणा-पाणी सोडतो.
सांगून झालं की माझ्याकडे बघतो, जीभ चावतो
आणि ओल्या लसणाची जुडी हातात ठेवतो.
मी जेवले होते, भेरूलाल.
तेराव्याला, पोटभर,
श्रीखंड दोनदा घेऊन.

दुर्बिणीचं डावं भिंग धूसर झालंय,
एकाच डोळ्यानं बघते.
त्या डोळ्यात आज सरकत आली
हळदीकुंकू बदकं. सहा.
नाही, लव्हाळ्यामागून अजून एक. सात.
मातकट अंग, कुणी दुसऱ्यांदा बघू नये असं.
पण काळ्या चोचीच्या टोकाला हळदीचं बोट
आणि मुळाशी, कपाळ सुरू होतं तिथे,
कुंकवाचे दोन ठिपके.
कुणी ठेवलं असेल हे नाव?
कपडे धुता धुता
कुठल्या बाईनं इतका वेळ बघितलं?
नराला तेच, मादीला तेच.
जोडीदार गेला तरी
कुणी पुसायला येत नाही.

तलवार बदकं फाल्गुनात उत्तरेला परततील.
पाहुण्यांचं मला कौतुक आहे,
त्यांच्यासाठी लोक भोपाळहून कॅमेरे घेऊन येतात.
माझा जीव इथल्यांवर.
मे महिन्यात गाळाला भेगा पडतात,
म्हशींनी तुडवलेल्या एका डबक्यात
हीच सात, किंवा पाच, चोच खुपसून.
तेव्हाही मी येते. तेव्हा टपरी बंद असते.

एकानं मान वर केली, माझ्या दिशेनं.
ओळख दिली असं म्हणणार नाही.
पाखरं ओळख देत नाहीत,
म्हणून तर त्यांच्याकडे जाता येतं.

संध्याकाळी दाराच्या कडीला पिशवी.
एक गुलाबी चाळण, तिळाचे दोन लाडू.
बेचाळिसावी कधी मोजली, कोण जाणे.
अर्धी जुडी लसूण घेऊन खाली गेले.
बायका निघून गेल्या होत्या,
वहिनी सतरंजीवरचे तांदूळ वेचत होत्या.
"बसा," म्हणाल्या. मग, मान वर न करता,
"आज काय दिसलं?"
अकरा वर्षांत पहिल्यांदा.

बदकं, म्हटलं. सात.

नाव ओठांपर्यंत आलं होतं.
नाही सांगितलं.