दुसरा अंगठा

चित्र कोपनहेगनला जायच्या आधी
तीन दिवस खानावळीत टांगलं होतं,
रंग अजून ओला.
रविवारी चर्चनंतर आम्ही बायका पाहायला गेलो.

सहा पुरुष दोर ओढताहेत.
टाचा वाळूत रुतलेल्या, पाठी मागे कललेल्या,
दोराच्या टोकाशी लाटेतून वर येणारी नाव.
नाव नंतर काढली. तेव्हा तिथं खुंटा होता;
मी शेजारीच बसून आमिषाचे शिंपले सोलत होते.
चित्रकार म्हणायचा, ओढा, पण हलू नका.
इव्हर, माझा नवरा, घरी येऊन म्हणाला,
दिवसभर ओढला, खुंटा काही आला नाही.
रोजचा एक क्रोन, वर घोटभर ब्रँडी.
त्या आठवड्यात समुद्र ताटलीतल्या दुधासारखा पडून होता,
हॅडॉक अगदी किनाऱ्याला लागले होते,
आणि आमची माणसं मासेमारीचं सोंग करत होती.

तिसरा ग्रेगर्स.
म्हणजे तोंड ग्रेगर्सचं.
ऑक्टोबरात तो बुडाला, तेव्हा मानेखाली
नुसत्या कोळशाच्या रेघा होत्या.
मग इव्हर उभा राहिला त्याच्या जागी,
त्याचाच जुना डगला घालून.
पोट जरा सुटलंय, ते आमच्या घरचं.

सिड्सेल सगळ्यांच्या मागून आली.
नवऱ्याच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही.
चित्राला बोट लावायचं नसतं, तिनं लावलं,
हातमोज्यावर. थोडा करडा रंग बोटाला आला.
म्हणाली, एकच अंगठा?

आमच्याकडे मोज्याला दोन अंगठे विणतात,
एक बोटाचा, एक रिकामा, लोंबता.
दोरानं तळवा झिजला
की मोजा फिरवायचा, दुसरी बाजू कोरी.
चित्रकार मऊ आवाजात समजावू लागला:
दुसराही काढला होता, मग पुसला,
शहरातल्यांना वाटलं असतं, हात चुकलाय.

ती मान हलवत राहिली,
पाद्रीसमोर हलवतो तशी.
मग दुकानातला हिशेब सांगावा तसं म्हणाली,
ऑगस्टात विणले होते.
उजवा अजून फिरवलासुद्धा नव्हता.

बाहेर वारा वायव्येकडून उठला होता.
नावा वर घ्यायच्या होत्या, पुरुष पाचच.
आम्ही शाली कमरेला बांधल्या, दोराला लागलो.
सिड्सेल इव्हरच्या मागे, हात उघडे.
इव्हर ओरडला, ओढा, आणि हललात तरी चालेल.
कुणी हसलं नाही.
नाव आली.